रुजावं की थांबावं?

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत २०१६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मैलोन्मैल पिवळी फुलं उमलली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिथे छायाचित्रकार धाडले. त्या छायाचित्रांतली बहुतेक फुलं एकाच जातीची होती. शास्त्रीय नाव जेरिया कॅनेसेन्स. तिकडचे लोक तिला डेझर्ट गोल्ड किंवा डेझर्ट सनफ्लॉवर म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातली ही वर्षायू वनस्पती, म्हणजे रुजणं, फुलणं, बी धरणं आणि मरणं सगळं एकाच हंगामात उरकणारी. १९९८ आणि २००५ सालीही डेथ व्हॅली अशीच फुलली होती. मधल्या वर्षांत ही जात कुठे होती, कशी टिकली, आणि एखाद्याच वर्षी इतकी कशी उसळून आली, हा प्रश्न बातम्यांत सहसा येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र गेली पाऊणशे वर्षं त्याच्याशी झुंजत आहेत. त्या झुंजीचा हा आढावा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: या वनस्पतीचं खरं आयुष्य मातीखाली, बी म्हणून जातं. फुलं हा तिच्या जमाखर्चातला अधूनमधून होणारा मोठा खर्च आहे. आपण खर्चाचे फोटो काढतो आणि शिल्लक किती उरली ते विचारत नाही.

आधी झाडाची ओळख. पाऊस बेताचा झाला तर हे रोप वितीपेक्षाही कमी उंचीवर एखाददुसरं फूल देऊन मोकळं होतं. पाऊस भरपूर झाला तर दोन-अडीच फुटांपर्यंत वाढून फांद्याफांद्यांवर फुलतं. पानं करडी-हिरवी, पांढऱ्या लवेने भरलेली. फूल म्हणजे अर्थातच स्तबक, झेंडू-शेवंतीसारखं अनेक बारीक फुलांचं एकत्र बसलेलं कुटुंब. कडेने पंधरा-वीस सोनेरी किरणपुष्पकं, मधे गर्द पिवळी बिंबपुष्पकं, आणि मंद गोड वास. बी काळं, चपटं, पाचरीच्या आकाराचं; त्याच्या कडांना पांढरे केस. आग्नेय कॅलिफोर्निया, दक्षिण नेवाडा, युटाचा नैर्ऋत्य कोपरा, ॲरिझोना आणि त्याखालचा वायव्य मेक्सिको हा तिचा प्रदेश. वाळूची सपाट जमीन तिला मानवते. समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या डेथ व्हॅलीच्या तळातही ती येते. काहुईया या तिथल्या मूळ रहिवाशांच्या अन्नात या बियांचं पीठ होतं.

डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्याला अवर्षणप्रवण म्हणतो त्या माण-खटावातही याच्या कितीतरी पट पडतो. आणि सरासरी हा आकडाही तिथे फसवाच. काही वर्षं जवळपास कोरडी जातात, तर एखाद्या वर्षी दोन दिवसांत वर्षाचा हिशेब पुरा होतो. उन्हाळ्यात पारा पन्नासच्या वर जातो. अशा ठिकाणी निवडुंग खोडात पाणी साठवतो, मेस्किटचं झाड मुळं खोल पाठवतं. जेरियासारखी वर्षायू यातलं काहीच करत नाही. तिची पानं मऊ, मुळं उथळ. दुष्काळ सोसण्याची तयारी तिच्यात नाही, कारण दुष्काळात ती जमिनीवर हजरच नसते. हजर असते तेव्हा घाई मात्र विलक्षण. हॅरॉल्ड मूनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली डेथ व्हॅलीतल्याच एका हिवाळी वर्षायूच्या पानांचं प्रकाशसंश्लेषण मोजलं, तर ते तोवर नोंदलेल्या सर्वाधिक वेगांपैकी निघालं. काही वाळवंटी वर्षायू तर सूर्य फिरेल तशी पानं फिरवतात. हातात दोन-तीन महिनेच असल्यावर दुसरं काय करणार?

तेव्हा खरा पेच पानाफुलांपुढे नाही, बीपुढे आहे. पाऊस पडला. आता रुजावं की थांबावं? रुजलं आणि पुढे पाऊस आलाच नाही तर रोप करपेल आणि बी कायमचं गेलं. थांबलं आणि वर्ष चांगलं निघालं तर संधी गेली, शिवाय पुढच्या पावसापर्यंत उंदीर-मुंग्यांच्या तावडीत पडायची भीती आहेच.

या प्रश्नाला पहिलं भरीव उत्तर दिलं फ्रिट्स वेंट यांनी. हे मूळचे डच. वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक, ऑक्सिन, मोजण्याची रीत त्यांनी विशीत शोधून काढली होती. पुढे जावा बेटावर आणि मग पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये ते आले. तिथून वाळवंट काही तासांच्या अंतरावर. १९४८-४९मध्ये त्यांनी वाळवंटी वनस्पतींवर लेखमाला प्रसिद्ध केली. वाळवंटातली माती प्रयोगशाळेत आणून तिच्यावर वेगवेगळ्या तापमानांत कृत्रिम पाऊस पाडायचा आणि काय उगवतं ते पाहायचं, अशी साधी पद्धत. निष्कर्ष असा की थोड्या शिडकाव्याने बी फसत नाही. दहा-पंधरा मिलिमीटरच्या आत बहुतेक काही उगवत नव्हतं, पंचवीसच्या आसपास रान उठत होतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे माती खालून भिजवली तर उपयोग नाही, पाणी वरून पडून झिरपलं पाहिजे. वेंट यांचा तर्क होता की बीच्या सालीत रुजू न देणारी द्रव्यं असतात आणि ती धुऊन जायला पुरेसा पाऊस लागतो. म्हणजे साल हेच पर्जन्यमापक. शिवाय तापमानाची अट: एकाच मातीतून थंडीत भिजवल्यावर हिवाळी फुलं उगवली, उबेत भिजवल्यावर उन्हाळी. ॲरिझोनात पाऊस दोन हंगामांत येतो, हिवाळ्यात पॅसिफिकवरून आणि जुलै-सप्टेंबरात त्यांच्या मॉन्सूनमधून. म्हणून ही अट जगण्या-मरण्याची आहे. हिवाळी बी जुलैच्या पावसाला भुललं तर संपलंच.

वेंट यांच्या उत्तरात पुढे बरीच भर पडली. लॉइड टेव्हिस यांनी १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यातल्या वाळूवर प्रत्यक्ष फवारे मारून रोपं उगवून दाखवली. कॅपन आणि व्हॅन ॲस्डॉल यांनी १९६७मध्ये दाखवलं की काही जातींचं ताजं बी रुजतच नाही. ते आधी पन्नास अंशांच्या उष्णतेत ठेवलं तर रुजण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे वसंतात गळलेल्या बीला एक उन्हाळा भाजून घ्यावा लागतो. आणि मग जॅनिस बीटली. या बाईंनी काम केलं ते नेवाडा टेस्ट साइटवर, जिथे अमेरिका अणुबॉम्बच्या चाचण्या करत होती. सामान्य माणसाला प्रवेश नसलेल्या त्या आवारात त्यांनी वर्षानुवर्षं रोपं मोजली आणि १९७४ साली नियम मांडला: मोजावे वाळवंटात सप्टेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पंचवीस मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस झाला, तर वसंतात फुलं. नाहीतर नाही. डेथ व्हॅलीच्या २०१६च्या फुलांमागे २०१५च्या ऑक्टोबरातल्या वादळी पावसाचा मोठा वाटा होता. त्या पुराने उद्यानातल्या ‘स्कॉटीज कॅसल’ या जुन्या वास्तूची दैना केली आणि वाळूतल्या बियांना मात्र हवं ते दिलं.

इथवर चित्र असं उभं राहतं की बी हुशार आहे, ते हवामान वाचतं. पण याने सगळं उलगडत नाही. नियमात बसणारा पाऊस, हवं ते तापमान, सगळं जुळून आल्यावरही मातीतल्या बऱ्याच बिया रुजत नाहीत. शेजारची, त्याच जातीची, कित्येकदा त्याच झाडाची बी रुजते आणि ही तशीच पडून राहते. वाचणं जमत असेल तर हिने का वाचलं नाही?

दुसरं उत्तर १९६६ साली जेरुसलेमहून आलं, तेही गणितातून. हिब्रू विद्यापीठाच्या डॅन कोहेन यांनी मांडलं की पुढचा पाऊस पुरता ओळखता येतच नाही. ऑक्टोबरात पंचवीस मिलिमीटर झाला म्हणून जानेवारीत होईलच असं नाही. अशा वेळी सगळ्या बिया एकदम रुजवणारं झाड आज ना उद्या निर्वंश होतं. मृगाच्या पहिल्या सरीवर घरातलं सगळं बियाणं पेरून बसलेल्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ आली तर तो काय पेरणार? शहाणा शेतकरी कणगीत काही राखतो. कोहेन यांचा प्रश्न होता, किती राखावं?

हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा चांगल्या वर्षी रुजलेल्या एका बीमागे दहा बिया मिळतात, वाईट वर्षी शून्य, आणि दोन्ही वर्षांची शक्यता सारखी. मातीतलं बी मरत नाही असं सोयीसाठी धरू. सगळ्या बिया रुजवणाऱ्या जातीची वार्षिक सरासरी पाच. पण पहिल्याच वाईट वर्षी खातं बंद, कारण दहा गुणिले शून्य शून्यच. निम्म्या बिया रुजवणारी जात चांगल्या वर्षी साडेपाच पट होते, वाईट वर्षी निम्मी. सरासरी तीन, म्हणजे पहिलीहून कमी. पण एक चांगलं आणि एक वाईट वर्ष मिळून ती पावणेतीन पट झालेली असते. दहातली एकच रुजवणारी अतिसावध जात त्याच दोन वर्षांत १.७१ पटीवर राहते. वर्षागणिक वाढ बेरजेने नाही, गुणाकाराने होते, म्हणून सरासरी इथे फसवते. फार उतावळेपण नको आणि फार कंजूषपणाही नको; या उदाहरणात शंभरातल्या चव्वेचाळीस बिया रुजवणं सर्वांत किफायतशीर ठरतं. चांगल्या वर्षांची शक्यता घटली की हा आकडाही घटतो.

कोहेन यांचं गणित देखणं होतं, पण ते खऱ्या वाळवंटात तपासायचं तर तीस-चाळीस वर्षं एकाच जागी बसून रोपं मोजावी लागणार. हे काम झालं ते ॲरिझोनातल्या टूसॉन शहराला लागून असलेल्या टुमामॉक टेकडीवर. कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०३ साली तिथे वाळवंट-प्रयोगशाळा उभारली होती. लॅरी व्हेनेबल आणि त्यांचे विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या ठरावीक चौकटींत उगवणारं प्रत्येक रोप नकाशावर टिपतात, ते केव्हा मेलं किंवा त्याने किती बिया दिल्या याची नोंद ठेवतात, आणि मातीचे नमुने काढून त्यांत न रुजलेल्या बिया किती उरल्या तेही मोजतात. ज्या वर्षी काहीच उगवलं नाही, त्या वर्षीचीही नोंद होते. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि त्यात छायाचित्र काढावं असं फारसं काही नाही.

टुमामॉकच्या यादीत जेरिया नाही, पण तिचे कुळबंधू आहेत: स्टायलोक्लाइन, एव्हॅक्स, एरिओफिलम अशी बोटभर उंचीची लोकरी रोपटी, ज्यांची फुलं पाहायला पोटावर आडवं व्हावं लागतं. त्याच यादीत एक नाव मराठी वाचकाला चकित करील. प्लँटॅगो ओव्हाटा, म्हणजे आपलं इसबगोल. गुजरात-राजस्थानात शेतात पिकणारी आणि आपल्या घरांत पोट साफ करायला येणारी हीच जात ॲरिझोनाच्या वाळवंटात रानटी उगवते. ती माणसाने नेलेली नाही. जनुकीय अभ्यास सांगतो की किमान दोन लाख वर्षांपूर्वी ती जुन्या जगातून तिकडे पोचली, बहुधा पक्ष्यांच्या अंगाला चिकटून. पाण्यात भुसी फुगते तो बुळबुळीतपणा तिथे बीला वाळूत रोवायला कामी येतो.

व्हेनेबल यांचा २००७चा निष्कर्ष कोहेन यांच्या बाजूने लागला. ज्या जातींचं उत्पन्न वर्षावर्षाला फार हेलकावतं, त्या जातीच दर वर्षी कमी प्रमाणात रुजतात. ज्यांचं उत्पन्न स्थिर, त्या बेधडक रुजतात. २०१४ साली जेनिफर ग्रेमर आणि व्हेनेबल यांनी बारा जातींचा हिशेब पुन्हा मांडला आणि एक महत्त्वाची दुरुस्ती केली. नुसता पावसाचा लहरीपणा गणितात घातला तर उत्तर प्रत्यक्ष आकड्यांशी जुळत नव्हतं. गर्दी घातल्यावर जुळलं. चांगल्या वर्षी सगळेच रुजतात, पाण्यावर-जागेवर झुंबड उडते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. तेव्हा मागे राहिलेल्या बीचं नुकसान वाटतं तेवढं नसतं. वेंट यांचा समज होता की वाळवंटात रोपं एकमेकांशी भांडत नाहीत, मिळेल ते वाटून घेऊन सगळीच थोडीथोडी वाढतात. तो समज मात्र टिकला नाही.

मग वेंट खरे की कोहेन? आजचा सर्वसाधारण कौल असा की दोघेही. बी हवामान वाचतं आणि तरी सगळं पणाला लावत नाही. वाचण्याने चुका कमी होतात, राखून ठेवण्याने उरलेल्या चुका परवडतात. मला यात कोहेन यांचं पारडं थोडं जड वाटतं. वेंट यांनी सांगितलेल्या अटी पुऱ्या झाल्यावरही जे बी थांबतं, त्याच्याच जिवावर ही जात दशकं काढते.

दशकं हा शब्दही जपून वापरायला हवा. वाळवंटातलं बी पन्नास-शंभर वर्षं मातीत जिवंत राहतं अशा गोष्टी पर्यटन-पुस्तिकांत सर्रास असतात. प्रत्यक्ष मोजणी सांगते ते बरंच कमी. टुमामॉकच्या एका वर्षायूच्या (ही सूर्यफूल-कुळातली नव्हे) मातीतल्या बियांचं वय २०००मध्ये कार्बन-१४ने काढलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ नंतर वर्षागणिक उतरत गेला, त्यामुळे कोणतं बी कोणत्या वर्षी तयार झालं हे कळतं. साठ्यात पाच वर्षांपर्यंतच्या बिया सापडल्या. एका जातीवरून सगळ्यांचं ठरवू नये, काही जाती याहून दीर्घायुषी असतीलच. पण हा साठा अक्षय्य नाही, एवढं नक्की. लागोपाठ वाईट वर्षं आली की तो आटतो.

सूर्यफुलाच्या कुळाला या खेळात एक जन्मजात सोय आहे. एकाच स्तबकात दोन तऱ्हेची फुलं असल्याने दोन तऱ्हेच्या बिया करता येतात. टेक्सासमधल्या हेटेरोथेका या पिवळ्या फुलावर व्हेनेबल आणि डोनाल्ड लेव्हिन यांनी १९८५ साली हे तपशिलाने दाखवलं. मधल्या बिंबपुष्पकांच्या बियांना केसांची छत्री असते. त्या वाऱ्यावर दूर जातात आणि लगेच रुजतात. कडेच्या किरणपुष्पकांच्या बिया जाड सालीच्या, बिनछत्रीच्या. त्या आईपाशीच पडतात आणि उशिरा रुजतात. एक लेक परगावी, एक घरी. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातली जिम्नॅऱ्हेना तर याच्याही पुढे गेली आहे. ती जमिनीवर बारीक बियांची फुलं धरते आणि जमिनीखालीही फुलते. खालच्या बिया थोड्या पण मोठ्या. त्या कुठेच जात नाहीत, मेलेल्या आईच्या जागीच रुजतात, कारण ती जागा जगण्यालायक आहे हे आईने सिद्ध केलेलं असतं. कोलर आणि रोथ यांनी १९६४मध्ये तिच्यावर लिहिलं. त्याच भागात ॲस्टेरिस्कस वंशातलं एक बुटकं फूल आहे. ते वाळून मेल्यावरही बिया सोडत नाही. कोरडेपणी त्याची मूठ मिटलेली असते, पाऊस पडला की काही मिनिटांत उघडते, थेंबांच्या माऱ्याने बाहेरच्या काही बिया सुटतात, आणि वाळलं की पुन्हा मूठ बंद. असं वर्षानुवर्षं. यित्झाक गुटरमन यांनी नेगेव्हमधल्या अशा झाडांवर हयात घालवली. जेरिया आपला साठा मातीत ठेवते, हे फूल तो आपल्याच मेलेल्या देहात ठेवतं.

दक्षिण आफ्रिकेतलं नामाक्वालँड इथे घ्यायलाच हवं, कारण वाळवंटी डेझी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे तिथलीच नारिंगी पठारं येतात. डिमॉर्फोथेका सिनुआटा हे तिथलं मुख्य वर्षायू फूल; ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं, ऊन असेल तरच उघडतं, आणि त्याच्याही बिया दोन तऱ्हेच्या. तिथला हिवाळी पाऊस कमी असला तरी बराच भरवशाचा, म्हणून फुलं जवळजवळ दर वर्षी दिसतात. (तिथलीच गॉर्टेरिया आपल्या किरणपुष्पकांवर माशीसारखे काळे ठिपके काढते, नर माश्या त्यांना मादी समजून येतात आणि परागकण घेऊन जातात.) पण पर्यटक ज्या अखंड नारिंगी चादरी पाहायला जातात, त्या बहुतेक जुन्या नांगरलेल्या, पडीक गव्हाच्या शेतांवरच्या किंवा अति चरलेल्या जमिनीवरच्या असतात. नामाक्वा राष्ट्रीय उद्यानातला प्रसिद्ध स्किलपाड भागही पूर्वी शेतच होता. अस्पर्श रानात फुलांच्या जाती जास्त, पण विखुरलेल्या. फोटोत ते रान फिकं दिसतं. एकरंगी दाट बहर हे निसर्गाच्या सुदृढपणाचं लक्षण नेहमीच असतं असं नाही, हे नामाक्वालँडकडून शिकावं.

बियांच्या साठ्यावर डल्ला मारणारेही आहेतच. ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ साली पन्नास मीटर चौरसाच्या चोवीस चौकटी कुंपणाने बंद केल्या. काहींतून कांगारू-उंदीर हाकलले, काहींतून मुंग्या. उंदीर गेले तिथे मोठ्या बियांच्या हिवाळी वर्षायू वाढल्या, आणि बारा वर्षांनी तर झुडपांच्या वाळवंटाचं गवताळ रान होऊ लागलं. तळहातावर मावेल एवढा प्राणी वाळवंटाचा चेहरा ठरवतो तो बिया खाऊन आणि पुरून.

आता संकटं. बहुतेक लेखांत ती फुलांवरची संकटं म्हणून येतात. बियांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा क्रम बदलतो. माझ्या यादीत पहिली येते सहारा मोहरी, आपल्या मोहरीच्याच वंशातली. कोचेला खोऱ्यात १९२०च्या दशकात खजुराच्या लागवडीबरोबर ती आली असावी. तिथली पहिली नोंद १९२७ची. ती लवकर आणि कमी पावसावर उगवते, बघता बघता पसरते आणि वाळूतलं पाणी आधीच पिऊन टाकते. जेरिया रुजते खरी, पण मोहरीच्या सावलीत खुरटते आणि बी धरत नाही. साठ्यातून बी खर्च झालं आणि जमा काहीच नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगो उद्यानात, जिथे जेरियाची शेतंच्या शेतं फुलायची, स्वयंसेवक दर वर्षी ही मोहरी उपटत बसतात. दुसरं संकट परदेशी गवतांचं. चांगल्या पावसाच्या वर्षी ती फुलांबरोबरच माजतात, उन्हाळ्यात वाळतात आणि आग पसरवतात. मोजावेच्या मूळ झुडपांत मोकळी जागा इतकी असायची की आग पुढे सरकतच नसे. २०२० साली मोजावे नॅशनल प्रिझर्व्हमधल्या डोम आगीत लाखो जोशुआ वृक्ष जळाले. टूसॉनच्या टेकड्यांवर, टुमामॉकवरसुद्धा, हेच काम बफेल गवत करतं. ते म्हणजे आपलं अंजन गवत, आपल्याकडे कोरडवाहू कुरणांसाठी मुद्दाम लावलं जाणारं. वनस्पतींच्या या देवाणघेवाणीत आपल्यालाही तिकडून एक सूर्यफूल-कुळातली वर्षायू मिळाली आहे: गाजर गवत, १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं. तिच्या बियांचा साठा किती चिवट असतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं.

हवामानबदलाचं उत्तर अपेक्षेपेक्षा वाकडं निघालं. सारा किंबॉल आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये टुमामॉकची पंचवीसेक वर्षांची नोंद तपासली. टुमामॉक ज्यात येतं ते सोनोरन वाळवंट तापतं आहे, तेव्हा उष्णताप्रिय जाती वाढायला हव्या होत्या. वाढल्या थंडीला सरावलेल्या. कारण रुजवणारा पाऊस आता उशिरा, डिसेंबराकडे येतो, आणि तेव्हा हवा गार असते. वर्ष एकूण गरम झालं तरी बी रुजतं तो आठवडा थंड झाला. सरासरीवरून अंदाज बांधणाऱ्यांची इथेही फसगत झाली.

सौरऊर्जेचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिथे दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच. मोजावेत पॅनेलांची शेतं उभी राहत आहेत. बार्स्टो गावाच्या आसपास एरिओफिलम मोहावेन्से हे जेमतेम इंचभर उंचीचं, दुर्मिळ, पिवळं, सूर्यफूल-कुळातलं वर्षायू आढळतं. कॅरन टॅनर आणि सहकाऱ्यांनी प्रायोगिक पॅनेलांखाली ते आणि त्याचा एक सर्रास आढळणारा भाऊबंद काही वर्षं पाहिला. सावलीचा फटका दुर्मिळ जातीला अधिक बसला, आणि तोही २०१७च्या भरघोस पावसाच्या वर्षी ठळकपणे. म्हणजे ज्या वर्षी साठा भरून घ्यायचा, नेमका त्याच वर्षी तो भरला नाही. जागेची पाहणी एखाद्या कोरड्या वर्षी करून इथे काहीच नाही असा शेरा मारणं किती घातक आहे, ते यावरून कळावं. पाहणी करायची तर मातीची करावी, किंवा निदान एक चांगलं वर्ष येईपर्यंत थांबावं.

राहिली गर्दी. २०१९च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावाजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये नारिंगी पॉपी पाहायला इतके लोक लोटले की रस्ते तुंबले आणि जागा काही काळ बंद करावी लागली. २०२३ साली तर गावाने ती आधीच बंद केली. ती फुलं वेगळ्या कुळाची, पण पायांचा परिणाम सारखाच. फुलांत बसून फोटो काढताना रोप मोडतं ते बी धरण्याआधी, म्हणजे ऐन जमा होण्याच्या वेळी. कासच्या सड्यावर सोनकीचे आणि इतर फुलांचे ताटवे पाहणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सोनकी हीसुद्धा याच कुळातली वर्षायू. कास काही वाळवंट नव्हे, तिथे पावसाळ्यात धो धो कोसळतो. पण कातळावरच्या बोटभर मातीला उरलेले सात-आठ महिने पाणी नसतं आणि तिथल्या कित्येक वर्षायू तो काळ बी होऊनच काढतात. कासवर पर्यटकांची संख्या मोजली जाते, तिकिटं मोजली जातात, फुलं किती आली याच्या बातम्या होतात. टुमामॉकसारखी ठरावीक चौकटीतल्या मातीची आणि रोपांची वर्षानुवर्षांची मोजणी हे त्याहून गरजेचं काम आहे. ते एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला परवडण्याजोगंही आहे. त्याला दोरी, खुंट्या, वही आणि पुढच्या पिढीकडे वही सोपवण्याची शिस्त एवढंच लागतं.

कॅलिफोर्निया-ॲरिझोनातल्या मराठी वाचकांपैकी कोणी जेरिया पाहायला जाणार असेल, तर डेथ व्हॅलीच्या तळातली फुलं साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतात, त्यानंतर बहर डोंगरावर वर सरकतो. निघण्याआधी शरद ऋतूत तिथे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला होता का ते पाहावं. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणं बेकायदा आहे. आणि ताटव्याच्या आत पाऊल टाकू नये. बी अजून तयार व्हायचं असतं.